एचिंगमधल्या बोटी बघायच्या कशा? व्हिस्लरच्या एका छोट्या प्रिंटच्या निमित्ताने

एचिंग, म्हणजे धातूच्या प्लेटवर अ‍ॅसिडने रेघा खोदून त्यावरून छापलेलं चित्र, समोर आलं की आपल्यातले बहुतेक जण "बापरे, किती बारीक काम केलंय" म्हणतात आणि पुढच्या चित्राकडे सरकतात. काम बारीक असतंच, त्याबद्दल वाद नाही, पण तेवढ्यावर थांबलं की जे खरं बघायचं असतं ते राहून जातं. एचिंग पेनाने काढल्यासारखं दिसतं खरं, पण त्यातली काळी रेघ कुणी हात दाबून काळी केलेली नसते, ती अ‍ॅसिडने केलेली असते आणि ती किती काळी व्हायची हे ठरतं ती अ‍ॅसिडमध्ये किती वेळ राहिली त्यावरून. हे एकदा डोक्यात बसलं ना की बंदरातल्या बोटींचं अगदी साधं चित्रसुद्धा वेगळं दिसायला लागतं.

उदाहरण एकच घेऊ आणि त्याच्यावरच नीट बोलू. चित्रकार जेम्स मॅकनील व्हिस्लर, चित्राचं नाव 'ब्लॅक लायन वॉर्फ', साल 1859. लंडनच्या वॉपिंग भागातला थेम्स नदीवरचा धक्का. प्लेट साधारण 15 सेंटिमीटर बाय 22 सेंटिमीटर, म्हणजे हातात धरून बघायची वस्तू. आणि गंमत म्हणजे तुम्ही हे एचिंग बहुतेक आधीच बघितलेलं आहे. व्हिस्लरचं ते सगळीकडे छापलं जाणारं पेंटिंग आठवा, काळ्या कपड्यातली म्हातारी आई खुर्चीत बाजूला तोंड करून बसलीये (1871 चं, आता पॅरिसच्या ऑर्से म्युझियममध्ये आहे). तिच्या मागे भिंतीवर एक फ्रेम लटकलीये, त्या फ्रेममध्ये आहे ते हेच. स्वतःच्या आईच्या चित्रात टांगायला त्याने इतक्या सगळ्यांतून हे एक निवडलं.

चित्रात काय आहे? अगदी समोर, खालच्या बाजूला, होडीत बसलेला एक माणूस. त्याच्या पलीकडे पाणी, पाण्यात माल वाहणारे पडाव, डोलकाठ्या, दोर. आणि त्यापलीकडे नदीच्या दुसऱ्या काठाला गोदामांची रांग, फळ्या, विटा, छपरं, खिडक्या, धक्क्याचे खांब, भिंतींवरच्या पाट्या. वर थोडंसं आकाश. बस एवढंच. ना वादळ, ना सूर्यास्त, ना कुठली मोठी घटना. कामाच्या दिवशी बंदर जसं दिसतं तसं.

आता हे बनतं कसं ते बघू, कारण ते कळल्याशिवाय कौतुक कशाचं करायचं तेच कळत नाही.

तांब्याची गुळगुळीत घासलेली प्लेट घ्यायची. तिच्यावर मेण, डांबर आणि राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर गरम करून पसरायचा आणि मग खालून मेणबत्त्यांचा धूर देऊन तो थर काळाकुट्ट करायचा. आता या काळ्या थरावर टोकदार सुईने चित्र काढायचं. इथे ताकद लागत नाही, तांबं कोरायचंच नाहीये, फक्त मेण सरकवायचं असतं, त्यामुळे हात कागदावर पेन्सिल चालावी तितका मोकळा चालतो, आणि जिथे सुई जाते तिथे खालचं तांबं लालसर चमकायला लागतं. म्हणजे चित्रकाराला त्याचं चित्र उलट्या उजेडात दिसत असतं, काळ्यावर चमकत्या रेघा, आणि शेवटी मिळणार असतं पांढऱ्यावर काळं. हे डोक्यातल्या डोक्यात फिरवत राहायचं.

मग प्लेटची मागची बाजू आणि कडा वॉर्निशने बंद करून ती अ‍ॅसिडमध्ये ठेवायची. त्या काळी नायट्रिक अ‍ॅसिड जास्त वापरायचे, आजकाल बऱ्याच स्टुडिओत फेरिक क्लोराइड वापरतात. मेण अ‍ॅसिडला अडवतं, उघडं तांबं अडवत नाही, त्यामुळे जिथे रेघ आहे तिथेच अ‍ॅसिड तांबं खातं. नायट्रिकमध्ये प्लेट पडली की काही वेळात प्रत्येक रेघेवर बारीक बुडबुड्यांची रांग उभी राहते, आणि पक्ष्याच्या पिसाने ते बुडबुडे हलकेच बाजूला करत राहावं लागतं, नाहीतर त्यांच्याखाली अ‍ॅसिड पोचत नाही आणि रेघ मध्येमध्ये तुटते. अख्खं चित्र पिसाच्या भरवशावर.

आणि खरी चतुराई यानंतर आहे. थोड्या वेळाने प्लेट बाहेर काढायची, धुवायची, आणि ज्या रेघा फिकट हव्यात, समजा आकाशातल्या किंवा लांबच्या डोलकाठ्यांच्या, त्यांच्यावर वॉर्निश लावून त्या बंद करून टाकायच्या. प्लेट परत अ‍ॅसिडमध्ये. परत बाहेर, मधल्या गोष्टी बंद. परत आत. असं करत करत शेवटी फक्त सगळ्यात गडद रेघा उरतात, त्या सगळ्यात जास्त वेळ खाल्ल्या जातात, सगळ्यात खोल होतात. म्हणजे एचिंगमध्ये गडद आणि फिकट हा रंगाचा मामला नसून वेळेचा आहे. शाई एकच असते. बंदराच्या चित्रात जवळची होडी काळी आणि लांबचं शीड धूसर दिसतं, ते त्या दोन रेघांच्या अ‍ॅसिडमधल्या मिनिटांचा फरक आहे.

छपाईचं तंत्र असं की घट्ट शाई अख्ख्या प्लेटवर चोपडायची आणि मग जाळीदार कापडाने आणि शेवटी हाताच्या तळव्याने पुसून काढायची. नक्षीचं ताम्हण पितांबरी लावून घासलं की वरचा पत्रा लख्ख होतो पण नक्षीच्या खाचांत पावडर अडकून बसते बघा, हुबेहूब तसं, वरची शाई जाते आणि रेघांमधली राहते. मग ओलसर केलेला जाड कागद प्लेटवर ठेवायचा, वर लोकरीचे जाड फेल्ट, आणि सगळं रूळाच्या प्रेसमधून प्रचंड दाबाखाली काढायचं. मऊ झालेला कागद खाचांत घुसतो आणि शाई उचलून बाहेर येतो. त्यामुळे चांगल्या एचिंगमधली रेघ कागदावर थोडी उठलेली असते, तिरप्या उजेडात धरलं तर दिसते. खोल रेघ जास्त उठलेली, उथळ रेघ जवळपास सपाट. तेच छापलेल्या पोस्टरमध्ये काहीच उठलेलं नसतं.

आता परत 'ब्लॅक लायन वॉर्फ'कडे या.

पहिली गोष्ट बघायची ती पाणी. बघा आणि रेघा शोधा. सापडतील, पण किती कमी! होडीच्या कडेला काही आडव्या, पडावांच्या सावलीत थोड्या, आणि बाकी कोरा कागद. तरी आपल्याला ते पाणीच वाटतं, चिखल वाटत नाही की रस्ता वाटत नाही. हे कसं जमलं? कारण पाण्याच्या काठाशी, म्हणजे जिथे बोटीचं बूड पाण्याला टेकतं तिथे, रेघ बरोबर पडलीये. बोट पाण्यात किती बुडालीये हे नीट दाखवलं की पाणी वेगळं काढावं लागत नाही. हौशी चित्रांमध्ये नेमकं उलटं असतं, सगळीकडे लाटा लाटा लाटा आणि बोट मात्र वर ठेवल्यासारखी.

दुसरी गोष्ट, आणि मला या चित्रात सगळ्यात जास्त आवडते ती. नेहमीचा नियम असा की जवळचं ठळक आणि तपशिलात काढायचं आणि लांबचं पुसट, ढोबळ. इथे व्हिस्लरने समोरचा माणूस आणि होडी जाडसर, मोकळ्या, घाईघाईच्या वाटाव्यात अशा रेघांत संपवलीये, आणि सगळा जीव ओतलाय तो लांबच्या काठावर. एकेक खिडकी, फळ्यांमधल्या फटी, कुठे छप्पर दबलंय, कुठे भिंतीचा पोपडा गेलाय. डोळा समोरच्या माणसावर क्षणभर टेकतो, तिथे धरून ठेवायला फारसं काही मिळत नाही, आणि सरळ पाण्यावरून घसरत पलीकडच्या धक्क्याला जाऊन लागतो. नदी ओलांडायचं काम आपल्याकडून करून घेतलंय त्याने!

हे त्याला कुठून सुचलं असेल? काही जण म्हणतात फोटोग्राफीमुळे, तेव्हा ती नवीनच होती आणि फोकस लांब ठेवला की जवळचं धूसर येतं हे लोकांनी बघितलेलं होतं. असेलही. पण मला जास्त पटतं ते त्याच्या पहिल्या नोकरीचं कारण. व्हिस्लर मूळचा अमेरिकन, 1834 चा जन्म. वेस्ट पॉइंटच्या मिलिटरी अकॅडमीत गेला, तिथून 1854 मध्ये त्याला काढून टाकलं, केमिस्ट्रीत गचकला म्हणून. सिलिकॉन हा वायू आहे असं त्याने परीक्षेत ठोकून दिलं होतं, आणि सिलिकॉन वायू असता तर मी आज मेजर जनरल असतो, असं तो पुढे आयुष्यभर रंगवून सांगायचा. (केमिस्ट्रीत नापास झालेल्या माणसाने उरलेलं आयुष्य तांबं आणि अ‍ॅसिड यांच्यासोबत काढावं, याला काय म्हणायचं.) तर तिथून निघाल्यावर तो वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या कोस्ट सर्व्हेत लागला, रोजचा दीड डॉलर पगार, आणि तिथे किनाऱ्याचे नकाशे तांब्याच्या प्लेटवर कसे उतरवायचे ते शिकला. नोकरी काही महिनेच टिकली. एका प्लेटच्या मोकळ्या जागेत त्याने माणसांची डोकी काढून ठेवली, कॅलिफोर्नियाजवळच्या अनाकापा बेटाच्या दृश्यावर आपल्या मनाने पक्ष्यांचे थवे उडवले, ऑफिसात असं किती दिवस चालणार.

पण त्या नकाशांवर काय असायचं ते लक्षात घ्या. किनाऱ्याची दृश्यं असायची, समुद्रातून येणाऱ्या खलाशाला जमीन ओळखता यावी म्हणून. म्हणजे बघणारा पाण्यावर, पाणी कोरं, आणि लांबचा किनारा मात्र चोख, एकही टेकडी इकडची तिकडे चालणार नाही. आता वॉपिंगचं एचिंग परत बघा. बघणारा पाण्याच्या पातळीवर, पाणी कोरं, पलीकडचा काठ चोख. सरकारी खात्यात शिकलेली गोष्ट त्याने उचलून लंडनच्या गोदामांना लावली असं मला तरी वाटतं.

तिसरी गोष्ट दोरांची. बंदराचं चित्र म्हटलं की दोरांचं जाळं येणारच, आणि इथेच चित्रकाराला खरंच माहिती आहे की नुसता नाद आहे ते उघडं पडतं. शिडाच्या बोटीवर ढोबळ मानाने दोन प्रकारचे दोर असतात, एक डोलकाठीला ताणून उभं धरणारे, ते कायम ताठ, आणि दुसरे शीड वर-खाली करायचे, ते कधी ताठ कधी सैल, वापरात नसतील तेव्हा झोळ आलेले. चांगल्या एचिंगमध्ये ताठ दोराची रेघ एका झटक्यात ओढलेली असते आणि सैल दोराच्या रेघेत वजन असतं, ती मधे लोंबते. एखादा दोर निवडा आणि त्याच्यावरून नजर चालवा, तो कुठून निघतो, कुठे बांधलाय. कुठेच बांधलेला नसेल तर समजायचं की चित्रकार सजावट करतोय. कोकणात किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, त्याची नजर आधी तिथेच जाते. व्हिस्लर यात सहसा पकडला जात नाही. फ्रेंच कवी आणि कलासमीक्षक बोदलेअरने 1862 मध्ये त्याच्या थेम्सच्या एचिंग्जबद्दल लिहिलं तेव्हा दोर, परबाणं (शीड बांधायच्या आडव्या काठ्या) आणि धूर यांच्या गुंत्याचंच कौतुक केलं होतं, आणि तो काही कौतुकाच्या बाबतीत उधळा माणूस नव्हता.

आणि हो, भरती-ओहोटी. लंडनला थेम्सचं पाणी मोठ्या भरतीला सहा-सात मीटरने वर-खाली होतं, दोन मजले समजा. म्हणून त्या गोदामांचे खांब आणि धक्क्याच्या भिंती इतक्या उंच दिसतात. बंदराची चित्रं बघताना पाणी चढलेलं आहे की उतरलेलं हे शोधायची सवय लावून घ्या, चित्रात दिवसातली कुठली वेळ असावी इतकं त्यावरून कळत नाही, पण चित्रकार तिथे प्रत्यक्ष बसला होता का याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

व्हिस्लर तर बसलाच होता. 1859 च्या उन्हाळ्यात, वयाच्या 25 व्या वर्षी, तो वॉपिंग आणि रॉदरहाइथच्या बाजूला जाऊन राहिला. तो भाग म्हणजे तेव्हा सभ्य लोकांनी नाक धरून लांब राहायचा भाग, आणि नाक धरून हे अक्षरशः घ्या, कारण आदल्याच वर्षी, 1858 मध्ये, थेम्समध्ये सोडलेल्या सांडपाण्याचा वास इतका भयानक झाला होता की पार्लमेंटमध्ये बसणं अवघड झालं होतं. त्यातूनच पुढे लंडनची नवीन गटारव्यवस्था आणि वरच्या बाजूला वेस्टमिन्स्टरकडे दगडी काठ बांधला गेला. त्याची थेम्सवरची ही एचिंग्ज आणि आणखी काही अशी सोळा मिळून संच म्हणून विकायला आली 1871 मध्ये, आणि तोपर्यंत नदीकाठचं लंडन बदलायला लागलेलं होतं.

तो प्लेट घेऊन जागेवरच काढायचा, आणि यातून एक भानगड होते. छापताना सगळं आरशासारखं उलटं येतं. डावीकडची गोष्ट उजवीकडे. आधी कागदावर चित्र करून ते उलटं प्लेटवर उतरवायची पद्धत होती, पण व्हिस्लर त्या फंदात फारसा पडायचा नाही, त्यामुळे त्याच्या पुष्कळ थेम्सच्या दृश्यांत नदीचे काठ अदलाबदल झालेले आहेत. 'ब्लॅक लायन वॉर्फ'मध्ये मात्र पाट्यांवरची अक्षरं आणि त्याची स्वतःची सही सरळ वाचता येते, याचा अर्थ ती त्याने प्लेटवर उलटी लिहिली, मेणावर, सुईने, इतकी लहान. झूम करून बघा आणि मग उलटी बाराखडी लिहून बघा.

इथे एक गोष्ट लोकांना गोंधळात टाकते, ती म्हणजे 'ओरिजिनल' कुठलं? तर प्लेटवरून छापलेला प्रत्येक कागद ओरिजिनलच. पण सगळे सारखे नसतात. चित्रकार काही प्रिंट काढतो, बघतो, प्लेटवर परत काम करतो, परत काढतो, या प्रत्येक टप्प्याला स्टेट म्हणतात आणि संग्राहक त्यावरून भांडतात. शिवाय काही रेघा अ‍ॅसिडशिवाय थेट सुईने तांब्यात ओरबाडलेल्या असतात, त्याला ड्रायपॉइंट म्हणतात, त्या रेघेच्या कडेला तांब्याचा खडबडीत कंगोरा उठतो आणि तो शाई धरून मखमली काळेपणा देतो. तो कंगोरा प्रेसच्या दाबाखाली लवकर झिजतो, त्यामुळे पहिले काही प्रिंट आणि नंतरचे प्रिंट यात चांगलाच फरक पडतो. कागदाचाही फरक पडतो. व्हिस्लर जुन्या डच वह्यांचे पिवळट कागद शोधत फिरायचा, जपानी पातळ कागदही वापरायचा.

शाई पुसण्याचा मुद्दा मी वर पटकन उरकला, पण तिथेच त्याची पुढची सगळी मजा आहे. 1878 मध्ये कलासमीक्षक रस्किनवर केलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात तो जिंकला, पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे दमडी, आणि 1879 मध्ये त्याचं दिवाळं निघालं. मग लंडनच्या फाइन आर्ट सोसायटीने त्याला बारा एचिंग्ज करायला व्हेनिसला पाठवलं, तीन महिन्यांसाठी, आणि पठ्ठ्या वर्षभराहून जास्त राहिला. तिथलं 'नॉक्टर्न' बघा. पाण्यावर बोटी, लांब चर्च आणि घुमट, आणि रेघा इतक्या कमी की नुसत्या रेघा स्वच्छ पुसून छापल्या तर चित्र अर्धवट वाटेल. त्याने प्लेट पूर्ण पुसलीच नाही. पाण्यावर आणि आकाशात शाईचा पातळ थर तसाच ठेवला, कुठे जास्त, कुठे कमी, त्यामुळे त्याच प्लेटवरून एका प्रिंटमध्ये नुकती संध्याकाळ झालीये आणि दुसऱ्यात रात्र पडलीये. दोन म्युझियममधले 'नॉक्टर्न' शेजारी शेजारी लावून बघा ऑनलाइन. थेम्सवर कोऱ्या कागदाने पाणी केलं आणि वीस वर्षांनी कापडाने.

कुणाला एचिंग विकत घ्यायचंच असेल तर दोन-तीन साध्या गोष्टी. भिंग लावा, रेघेच्या जागी छोटे छोटे ठिपके दिसले तर ते छापील पोस्टर आहे, कितीही जुनं दिसत असलं तरी. कागदावर प्लेटच्या कडेचा दबलेला चौकोन बघा. पण व्हिस्लरच्या व्हेनिसच्या आणि त्यानंतरच्या प्रिंटमध्ये तो शोधू नका, कारण तो कागद प्लेटच्या कडेला अगदी लागून कापून टाकायचा आणि खाली एक छोटी जीभ तेवढी ठेवायचा, तिच्यावर पेन्सिलीने फुलपाखरू, हीच त्याची सही. आणि 12/100 असे आकडे त्याच्या प्रिंटवर नाहीत म्हणून घाबरू नका, ती पद्धत सरसकट झाली नंतर.

बघायचं कुठे? लंडनमध्ये असाल तर ब्रिटिश म्युझियमच्या प्रिंट्स अँड ड्रॉइंग्ज विभागात आधी वेळ घेऊन जाता येतं आणि ते प्रिंट काढून समोर टेबलावर ठेवतात, काच मध्ये न येता. वॉशिंग्टनकडच्या मंडळींसाठी फ्रीअर गॅलरी आहे, तिथे व्हिस्लरचा प्रचंड संग्रह आहे आणि तिकीट नाही. ग्लासगोला हंटेरियन आर्ट गॅलरी. घरबसल्या बघायचं तर न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या साइटवर मोठ्या आकाराचे फोटो फुकट मिळतात, फक्त फोनवर नको, लॅपटॉपवर उघडा, कारण फोनच्या स्क्रीनवर त्या लांबच्या खिडक्यांचा नुसता करडा डाग होतो.